मावशीच आई झाली तर रक्ताचं नातं किती?

साताऱ्या-सांगलीकडे लहान लेकरं मागे ठेवून बायको गेली, की घरात विषय निघतोच: धाकटी मेव्हणी दुसरेपणावर द्यायची का? माय मरो, मावशी जगो, हे सगळ्यांना पटलेलं असतं. शंका येते ती निराळीच. रक्त एकच, मग होणाऱ्या मुलांत दोष येईल का?

नवरा आणि मेव्हणी यांच्यात रक्ताचं नातंच नसतं, त्यामुळे या कारणाने दोष येत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही निषिद्ध नात्यांत मृत बायकोची बहीण नाही. इंग्लंडात मात्र १८३५च्या कायद्याने असं लग्न रद्दबातल ठरे; १९०७ साली ती अडचण दूर झाली. त्या बंदीमागे धर्म होता, जीवशास्त्र नव्हे.

खरी गंमत मुलांच्या नात्यात आहे. एरवीच्या सावत्र भावंडांत जनुकं सरासरी २५ टक्के सामायिक असतात, तीही एकाच पालकाकडची. इथे आयांकडूनही भर पडते. सख्ख्या बहिणींत निम्मी जनुकं सामायिक. त्यातलं निम्मं एकीच्या मुलात उतरतं, आणि त्याच्याही निम्मं दुसरीच्या मुलात, म्हणजे १२.५ टक्के. बेरीज ३७.५. सख्ख्या भावंडांत ती ५० असते. बोन मॅरो (अस्थिमज्जा) देण्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता सख्ख्यांत चारात एक, या भावंडांत आठात एक. फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा) डीएनए तर दोन्हीकडे आजीचाच.

पहिली बायको मामाची मुलगी असेल, तर मेव्हणीही मामाचीच. तिथे धोका खरा आहे. मुलाच्या दर १६ जनुकजोड्यांपैकी सरासरी एकीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असतात; ती सदोष निघाली की आजार उघडा पडतो. 'पहिलीची दोन्ही पोरं धडधाकट आहेत' हा पुरावा नव्हे. आईबाप दोघं एकाच आजाराचे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) असले तरी दोन्ही मुलं त्यातून सुटण्याची शक्यता ५६ टक्के असते. आणि सवतीचा टाक (मृत पहिलीच्या नावाचं पदक) गळ्यात घातल्याने यातलं काहीच बदलत नाही.

पहिली थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची) वाहक असेल, तर तिची बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी तरी असतेच. म्हणून सुपारी फुटण्याआधी नवरा-मेव्हणी दोघांचीही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करावी. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ८०च्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर, तर बहुधा वाहक. अंगात लोह कमी असेल तर एचबीए२ खाली येतं आणि वाहक निसटतो, म्हणून फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) बघावं. रक्त चढवलेलं असेल, तर तीन महिने थांबून नमुना द्यावा.