डिझेल पंपाचे टायमिंग : एका सिलिंडरच्या शेतीपंप इंजिनासाठी माहिती

आमच्याकडून पंप व नोझल दुरुस्त करून नेल्यावर बरेच ग्राहक ते गावातल्या फिटरकडून इंजिनावर बसवून घेतात, आणि त्याला आमची काहीच हरकत नाही. मात्र टेस्ट बेंचवर होते ते कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाने किती डिझेल द्यावे याची जुळणी. ते डिझेल सिलिंडरमध्ये केव्हा पडावे, हे इंजिनावरच मोजून ठरवावे लागते. नुसत्या आवाजावरून लावलेल्या टायमिंगवर आम्ही विसंबत नाही आणि आपणही विसंबू नये.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत फवारा पडला की डिझेल पेटते, पण पेटण्याआधी थोडा वेळ जातोच. मिनिटाला 1500 फेऱ्यांनी चालणाऱ्या इंजिनाचा क्रँक सेकंदाला 9000 अंश फिरतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका विलंब झाला तरी तो 9 अंश पुढे गेलेला असतो. म्हणूनच पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टी.डी.सी.ला, पोचण्याआधी पंपाने डिझेल द्यायला सुरुवात करावी लागते. किती अंश आधी, हे कंपनीच्या पुस्तिकेत किंवा इंजिनावरील पाटीवर दिलेले असते. जुन्या इंजिनांत हा आकडा बहुधा 20 ते 28 अंशांच्या दरम्यान असतो, पण शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्या इंजिनाला लावू नये.

टायमिंग जास्त आधी असेल तर इंजिन कडक ठोके देते, सुरू करताना हँडल उलटे मारते आणि हेड गॅस्केट, पिस्टन व बेअरिंग यांवर नको तेवढा ताण येतो. ते उशिरा असेल तर इंजिन ओढत नाही, तापते, डिझेल जास्त खाते, आणि थंड असताना पांढरा धूर सोडते. अर्थात अशीच लक्षणे गळक्या नोझलमुळेही दिसतात, त्यामुळे नोझल तपासल्याशिवाय टायमिंगला हात लावणे आम्हांला पटत नाही.

मोजण्यासाठी पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलकडे डिझेल सोडणारी झडप) व त्याची स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवावी, होल्डर (व्हॉल्व्हवरचा आटेदार तुकडा) परत बसवून त्यावर वाकडी बारीक नळी लावावी आणि टाकीचा कॉक उघडावा. रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपाची दांडी, चालू स्थितीत असणे अत्यावश्यक आहे. ती बंद स्थितीत राहिली तर प्लंजरच्या (पंपातील दट्ट्याच्या) उभ्या खाचेतून डिझेल वाहतच राहते आणि मोजणी फसते. आता इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या कॉम्प्रेशनच्या फेरीत फ्लायव्हील चालण्याच्याच दिशेने हळूहळू फिरवावे. नळीतून येणारी धार थेंबांवर येऊन थांबते, तो क्षण फवारणीच्या सुरुवातीचा. हा क्षण ओलांडला गेल्यास पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढेच यावे, नाहीतर गिअरमधील ढिलाईचा फरक मोजणीत शिरतो.

फ्लायव्हीलवर अंश कोरलेले नसतील तर त्याचा परीघ मोजून 360 ने भागावा. परीघ 1800 मिलिमीटर असेल तर एक अंश म्हणजे 5 मिलिमीटर. 24 अंशांसाठी टी.डी.सी.च्या खुणेपासून 120 मिलिमीटर अंतर येईल. टी.डी.सी.ची खूण मात्र खात्रीची हवी, कारण तीच चुकली तर पुढचे सगळे चुकते.

फरक आढळल्यास तो पंपाच्या फ्लँजखालील शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) भरून काढावा. शिम काढल्यास पंप खाली बसतो आणि टायमिंग आधी येते. शिम वाढवल्यास ते उशिरा होते. काही इंजिनांत हेच काम टॅपेटच्या (प्लंजरला वर ढकलणाऱ्या भागाच्या) स्क्रूने होते. प्रत्येक बदलानंतर मोजणी पुन्हा करावी, आणि शेवटी व्हॉल्व्ह व स्प्रिंग बसवून होल्डर ठरलेल्या ताकदीनेच आवळावा. जास्त आवळल्यास बॅरल (प्लंजरभोवतीची नळी) दबून प्लंजर अडकू शकतो. मग लाइनमधील हवा काढावी.

अनेक सिलिंडरच्या इनलाइन पंपांत पंपच फ्लँजच्या लांबट छिद्रांतून फिरवून टायमिंग जुळवतात. कॉमन रेल इंजिनांत फवारणीची वेळ संगणक ठरवतो, तेथे ही पद्धत लागू नाही.

काम चालू असताना नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. हा फवारा कातडीच्या आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे आणि डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पंप आमच्याकडे आणताना त्याखालचे सर्व शिम सोबत आणावेत, आणि इंजिनाच्या पाटीवरील मॉडेल, फेरे व टायमिंग लिहून घ्यावे.