पिठूळ सफरचंद, बोअरचं पाणी आणि तुरीची डाळ

महालक्ष्म्या गेल्या की मराठवाड्यात घरोघरी फळांची परडी उरते. केळी आधी संपतात, डाळिंबावर पोरं टपलेली असतातच. मागं राहतात सफरचंदं. काही दिवसांत ती पिठूळ होतात आणि मग कुणी हात लावत नाही. हिमाचल-काश्मीरहून आलेलं एवढं महागाचं फळ टाकून देण्यापेक्षा सरळ शिजवावं.

पिठूळ का होतं? सफरचंदाच्या पेशी विटांमधल्या चुन्यासारख्या पेक्टिननं जोडलेल्या असतात. ताज्या फळाचा घास घेतला की पेशी फुटतात, रस सुटतो. जुन्या फळातलं पेक्टिन सैल पडलेलं असतं. दाताखाली पेशी फुटायच्या ऐवजी नुसत्या सुट्या होतात. रस आतच अडकतो आणि जिभेला भुसा लागतो. शिजवताना मात्र पेशींची आवरणं फाटतात, अडकलेला रस बाहेर येतो.

हेच पेक्टिन तुरीच्या डाळीतही असतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला जखडून ठेवतं. चिंचही डाळ शिजल्यावरच घालतात. आंबटपणानं पेक्टिन लवकर विरघळत नाही. तेव्हा सफरचंदात बोअरचं पाणी ओतू नका. गरजही नाही, त्यात सुमारे 85 टक्के पाणीच असतं. लिंबू पिळायचं तर शेवटी. आणि डाळीत चालतो म्हणून सोडा इथं मुळीच नको: फोडींचा लगदा होतो, आधीच जेमतेम असलेलं क जीवनसत्त्वही जातं.

बिया काढा, साल राहू द्या. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यावर फोडी, झाकण, मंद आच. थोड्याच वेळात फोडींच्या कडेनं बारीक फेस दिसतो. ती फळातली हवा. सफरचंदाच्या आकारमानात जवळपास चौथा हिस्सा हवाच असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. हवा निघून तिथं रस शिरला की पांढरट फोड काचेसारखी होते आणि कढईतला ढीग चांगलाच खाली बसतो. वरून दालचिनी किंवा वेलदोडा. साखर कशाला? 100 ग्रॅम सफरचंदात साधारण 10 ग्रॅम साखर असतेच.

म्हातारी माणसं, दात नसलेली, हे आवडीनं खातात. शुगर असेल तर मात्र घोटून पातळ करू नये. 1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लोकांना अख्खं सफरचंद, त्याचा घोटलेला गर आणि रस दिला होता. पोट सगळ्यांत जास्त भरलं अख्ख्या फळानं, मग गरानं, सगळ्यांत कमी रसानं. इन्सुलिनही गर आणि रसानंतर जास्त चढलं. म्हणून फोड चमच्यानं तुटेल, पण आपोआप विरघळणार नाही, इतपत शिजली की गॅस बंद करावा.