सुई मागवताय? आधी कार्ट्रिजचा नंबर बघा

"माझ्याकडे अमुक मॉडेलचा जुना टर्नटेबल आहे, त्याची सुई मिळेल का?" असा मेसेज सारखा येतो आणि आमचं उत्तर ठरलेलं, कार्ट्रिजचा, म्हणजे टोनआर्मच्या (रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरच्या, सुई बसवलेल्या छोट्या भागाचा फोटो पाठवा. काहींना वाटतं आम्ही टाळतोय, पण तसं नाही. सुई टर्नटेबलला बसत नाही, कार्ट्रिजला बसते, आणि एवढ्या वर्षांत त्या मशीनचं कार्ट्रिज कोणीतरी बदललेलं असण्याची शक्यता खूप असते. मॉडेलवरून सुई पाठवली की ती बसत नाही, मग परत पाठवा, दुसरी मागवा, यात तुमचे दिवस जातात आणि रेकॉर्ड तशाच पडून राहतात.

नंबर बहुतेक वेळा कार्ट्रिजच्या पुढच्या, वरच्या किंवा बाजूच्या भागावर असतो. हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर बसवलेलं असतं तो टोनआर्मचा पुढचा तुकडा, निघत असेल तर काढून चांगल्या उजेडात बघा. नसेलच सापडत तर समोरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो द्या, आम्ही ओळखतो. फक्त बघायला म्हणून सुई ओढू नका, मूव्हिंग कॉइल नावाच्या प्रकारच्या कार्ट्रिजची सुई सहसा निघतच नाही आणि ओढाताणीत सुई ज्यावर असते ती बारीक दांडी वाकली की सगळंच गेलं.

नावावर जाऊ नका. ऑडिओ टेक्निकाचं एटी ९५ ई आणि नंतर आलेली व्हीएम ९५ सिरीज, नावं जवळजवळ सारखी, पण एकाची सुई दुसऱ्याला बसत नाही. याउलट ऑर्टोफॉनच्या ओएम सिरीजमध्ये ५, १०, २० या सुया एकाच बॉडीवर चढतात, म्हणजे कार्ट्रिज न बदलता आवाज सुधारता येतो, आम्ही बऱ्याच जणांना हेच सुचवतो. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे त्यांच्या सुयांसाठी जपानच्या जिको वगैरे दुसऱ्या कंपन्यांचा पर्याय द्यावा लागतो. चांगल्या असतात, पण ओरिजिनल म्हणून आम्ही विकत नाही, ऑर्डरच्या आधीच सांगतो.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्ड वाजवत असाल तर ते आधी सांगा. त्यांची खाच रुंद असते, साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची) साधारण १८ ची. एलपीची सुई त्यात तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. आणि ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोलचं क्लीनर अजिबात लावू नका, लाख विरघळते.

प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवणाऱ्या रबरी बेल्टचं मात्र बरोबर उलटं, तिथे मशीनचाच मॉडेल नंबर हवा. जुना बेल्ट मोजून माप देऊ नका, तो ताणलेला असतो, त्या मापाचा नवा घेतला तर तोही सैलच बसणार. बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला असेल तर मोटरची पुली आणि प्लॅटरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा, मगच नवा चढवा.

नवा बेल्ट टाकूनही गाणं संथ वाजतंय? मशीन ६० हर्ट्झच्या देशातून आणलंय का ते बघा. साध्या एसी मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जवळपास २७.८ होतात. तिथे बेल्ट बदलून काही होणार नाही, मोटरची पुली बदलावी लागते, ती काही मॉडेल्ससाठी आम्ही शोधून देतो.

रोजच्या देखभालीचं फार काही नाही. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ करा, आडवी कधीच नाही. रेकॉर्ड झिजू नये म्हणून सुईचं वजन (रेकॉर्डवर पडणारा दाब) कमी ठेवणारे बरेच आहेत, त्याने उलटंच होतं, सुई खाचेत नीट टिकत नाही आणि उड्या मारत खाचेच्या भिंती खराब करते, म्हणून कार्ट्रिजच्या कागदावर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच ठेवा. प्लॅटरच्या बेअरिंगला तेलाचे एकदोन थेंब पुरतात, गंज काढायचा स्प्रे तिथे मारू नका, आणि बेल्टला किंवा आयडलर व्हीलच्या (काही मशीनमध्ये बेल्टऐवजी प्लॅटर फिरवणाऱ्या चाकाच्या) रबराला तेल लागता कामा नये.

सीलबंद पाकीट फोडलेली सुई आम्ही परत घेत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. एकदा वाजवलेली सुई नवीन म्हणून दुसऱ्याला देणं आम्हाला पटत नाही, म्हणून तर फोटोसाठी एवढा आग्रह. नंबर जुळवून आम्हीच सांगितलेली सुई बसली नाही तर ती जबाबदारी आमची, बदलून देतो. मशीन घेऊन आलात तर सुई बसवून वजन आणि अलाइनमेंट (सुईचा कोन) आम्हीच लावून देतो, येताना टोनआर्मच्या मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, काढून वेगळं बांधा आणि टोनआर्म क्लिपमध्ये अडकवून वर दोरा गुंडाळा.