समोच्चरेषा आलेखांचे अध्यारोपण

दोन चलांच्या दोन किंवा अधिक फलांच्या समोच्चरेषा एकाच अक्षपटलावर काढून त्यांना वेगवेगळे रंग, जाडी आणि रेषाप्रकार देण्याची पद्धत. फलाची किंमत जिथे सारखी असते ते बिंदू जोडले की समोच्चरेषा मिळते. शाळेच्या भूगोलातल्या समताप व समभार रेषा याच कुळातल्या. एडमंड हॅली यांनी १७०१ मध्ये अटलांटिक महासागरातील चुंबकीय दिक्पाताचा (होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती कलते त्याचा) नकाशा अशाच रेषांनी काढला होता.

आलेखावर आलेख चढवणे सोपे आहे. मॅटलॅब व ऑक्टेव्ह या गणिती संगणक-प्रणालींमध्ये ‘होल्ड ऑन’ ही आज्ञा दिली की पुढचा आलेख आधीच्याला पुसत नाही, मॅथेमॅटिका या तशाच प्रणालीत दोन्ही ‘शो’मध्ये एकत्र करतात, मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतल्या आलेख-संचात त्याच अक्षांवर ‘कंटूर’ पुन्हा चालवतात. खरे काम पुढे आहे. मॅथेमॅटिकाचा आलेख मुळातच रंग भरून येतो, त्यामुळे वरच्या आलेखाचे रंगभरण बंद केल्याशिवाय खालचा दिसतच नाही. मॅटलॅबमध्ये अडचण वेगळी : एका अक्षपटलाला एकच रंगपट्टी, म्हणजे कोणत्या किमतीला कोणता रंग हे ठरवणारी पट्टी. एक फल ० ते १ आणि दुसरे ० ते १००० असेल, तर पहिल्याच्या सगळ्या रेषा पट्टीच्या एकाच टोकाच्या रंगात निघतात. अशा वेळी एका फलाच्या रेषांना ठरावीक एकच रंग द्यावा.

कोणते फल रंगाने भरायचे आणि कोणते नुसत्या रेषांनी दाखवायचे, हा निर्णय सजावटीचा नाही. आलेखाचा अर्थच त्यावर ठरतो. बडोद्याचे उदाहरण घ्या. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या मधून वाहते. ऑगस्ट २०२४ मधला तिचा पूर इथल्या मराठी घरांना वेगळा सांगावा लागत नाही. कलाभवनातल्या, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतल्या, विद्यार्थ्याने हा प्रदेश काढायला घेतला तर पहिला प्रश्न पातळ्यांचा येतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३०-४० मीटरवर, पावागड ८०० मीटरच्या आसपास. सरसकट ५० मीटरच्या अंतराने रेषा काढल्या तर डोंगर रेषांनी भरून जातो आणि शहरावरून एकही जात नाही. पाणी कुठे तुंबणार हे मात्र मीटर-दोन मीटरच्या चढउतारावर ठरते. म्हणून पातळ्यांची यादी प्रणालीवर न सोडता हाताने द्यावी : शहराच्या पट्ट्यात २ मीटरने, डोंगरावर १०० मीटरने. जमिनीची उंची फिक्या रंगात भरावी. वर समपर्जन्य रेषा गडद निळ्या, जाडसर आणि आकडे रेषेवरच लिहिलेल्या असाव्यात. दोन्ही थर भरून पारदर्शकता वाढवण्याचा मोह टाळावा, कारण मिसळून झालेला तिसरा रंग कुठल्याच पट्टीत सापडत नाही.

कलनशास्त्रात या पद्धतीचे मोल फार मोठे. क्ष + य = १० या अटीवर क्ष × य चे महत्तम काढताना सरळ रेषेवर गुणाकाराच्या समोच्चरेषा चढवाव्यात. २४ ची रेषा तिला दोन ठिकाणी छेदते, २६ ची पोचतच नाही, २५ ची (५, ५) या बिंदूत नेमकी स्पर्श करते. अट पाळून महत्तम किंवा लघुतम काढण्याची लाग्रांजची गुणक पद्धत इथे डोळ्यांना दिसते. अटीची रेषा ठळक काळी आणि २५ ची इतरांहून जाड ठेवली की पुरे.

दोन्ही अक्षांचे माप समान ठेवणेही तितकेच गरजेचे. क्ष² − य² आणि २ × क्ष × य यांच्या समोच्चरेषा आरंभबिंदू सोडून सर्वत्र काटकोनात छेदतात. मापे वेगळी असली की हाच गुण आलेखातून नाहीसा होतो. मॅटलॅबमध्ये ‘अ‍ॅक्सिस इक्वल’ त्यासाठीच आहे.

तुटक रेषा जपून वापरावी. एकाच रंगात काढलेल्या आलेखात मॅटप्लॉटलिब ऋण किमतींच्या रेषा आपोआप तुटक करते. दुसरे फलही तुटक रेषांनी दाखवले तर वाचणारा त्याला ऋण समजेल. इंद्रधनुषी रंगपट्टी झेरॉक्समध्ये टिकत नाही, तिची दोन्ही टोके सारखीच काळपट उमटतात. मॅटलॅबने २०१४ मध्ये ‘पारुला’ आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये ‘विरिडिस’ या न सांगता आपोआप वापरल्या जाणाऱ्या पट्ट्या केल्या. दोन्हींत गडदपणा एका टोकाकडून दुसऱ्याकडे क्रमाने कमी होत जातो.