सागाची पानं कोण खातं?

दसऱ्याच्या सुमारास पानशेतच्या किंवा मुळशीच्या रस्त्याला लागलं, की डोंगरउतारावरचे साग तपकिरी पडलेले दिसतात. शेजारचं ऐनाचं झाड हिरवंगार, आंबा हिरवागार आणि साग मात्र होरपळल्यासारखा. गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, 'सागावर करपा पडलाय.' पण हा करपा नाही. खाली उतरून हाताशी येईल असं एक पान तोडावं आणि उजेडासमोर धरावं. हिरवा गर पार नाहीसा झालेला असतो. शिरा मात्र सगळ्या शाबूत असतात; मधली जाड शीर, तिच्या फांद्या, त्या फांद्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या बारीक शिरासुद्धा. इतकं नेमकं काम बुरशीला जमत नाही. हे अळीचं काम आहे.

ही अळी एका छोट्या पतंगाची. शास्त्रीय नाव युटेक्टोना मचेरालिस. काही अभ्यासक त्याला पालिगा या प्रजातीत घालतात. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये त्याचं वर्णन केलं. पंख पसरल्यावर पतंग जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर भरतो. फिकट पिवळ्या पंखांवर तांबूस नागमोडी रेघा असतात. त्याची अळी पानावर रेशमाचं विरळ जाळं विणते आणि त्याच्या आडोशाने शिरांमधला गर खरवडून खाते. सागाच्या पानाच्या शिरा चिवट असतात, त्या ती सोडून देते.

आता हाच साग जुलैमध्ये बघा. तेव्हाही कधीकधी अख्खी झाडं ओकीबोकी झालेली दिसतात आणि लोक पुन्हा तेच म्हणतात, साग रोगाने गेला. पण पान हातात घेतलं तर गोष्ट वेगळी निघते. इथे जाळी नाही. कोवळं पान कडेपासून आत कुरतडत नेलेलं, मोठ्या शिरा तेवढ्या उरलेल्या. हा दुसरा पतंग, हिब्लिया प्युरा. दोघांची कुळं वेगळी, सवयी वेगळ्या, आणि झाडाच्या दृष्टीने दोघांत फारच मोठा फरक आहे. माझ्या मते सागाबद्दल एवढी एक गोष्ट तरी प्रत्येक सागवाल्याला माहीत असायला हवी.

हिब्लियाचं नामकरण डच अभ्यासक पीटर क्रामर यांनी १७७७ मध्ये केलं. पंखांचा पसारा तीन ते चार सेंटिमीटर. बसलेला असताना पंख घराच्या छपरासारखे उतरते मिटलेले, रंग राखाडी-तपकिरी, तोंडाशी चोचीसारखं पुढे आलेलं टोक. पाचोळ्यात बसला तर नजरेला सापडत नाही. पण खालचं झुडूप हलवलं, की तो उडतो आणि काळ्या मागच्या पंखांवरचे नारिंगी-पिवळे पट्टे क्षणभर चमकतात. ही त्याची पक्की खूण. सागाखेरीज निरगुडीवरही त्याची अळी वाढते, म्हणून साग नसलेल्या ठिकाणीही तो दिसला तर नवल वाटायला नको.

वळवाच्या सरींनी सागाला पालवी फुटते. चुरगाळली तर बोटं लाल करणारी ती कोवळी पानं मादीला हवी असतात. पानाच्या खालच्या बाजूला ती एकेक करून अंडी घालते. एक मादी सुमारे पाचशे अंडी घालू शकते. अळी थोडी मोठी झाली की तिची कारागिरी पाहण्यासारखी असते. पानाच्या कडेला ती अर्धगोल काप घेते, पण तुकडा पूर्ण तोडत नाही. तो कापलेला पापुद्रा आत दुमडते, रेशमाच्या टाक्यांनी पानाला शिवते आणि त्या खिशात लपून बसते. खायला बहुधा रात्री बाहेर येते. खिसा अलगद उघडला तर अळी आत असते, किंवा तिच्या बारीक काळ्या लेंड्या तरी. पैदास जोरात असेल तेव्हा या लेंड्या खालच्या पानांवर टपटपत असतात आणि पाऊस नसतानाही सागाखाली भुरभुर ऐकू येते. पंधरवडाभरात अळी धाग्यावरून खाली उतरते, पाचोळ्यात कोष करते आणि आठवडाभरात पतंग होऊन निघते.

नुकसान किती? केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निलंबूरच्या सागलागवडीत हे मोजलं. चार ते नऊ वर्षांच्या रोपवनात, अळीपासून राखलेल्या झाडांशी तुलना केली, तर हिब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडत होती. झाड सहसा मरत नाही, पुन्हा पालवी काढतं. पण साठवलेलं अन्न त्या दुसऱ्या पालवीत खर्च होतं, आणि तेही वाढीच्या ऐन हंगामात. जाळी करणाऱ्या पतंगाने मात्र वाढीत म्हणण्यासारखी घट होत नाही, असंच त्याच अभ्यासात आढळलं. कारण साधं आहे. त्याचा जोर होतो तेव्हा वर्षाची वाढ बहुतेक उरकलेली असते आणि पानं काही आठवड्यांत गळणारच असतात.

भोर-वेल्ह्याकडे बांधावर साग लावलेले कितीतरी शेतकरी आहेत. ऑक्टोबरात पानं तपकिरी दिसली की दुकानातून औषध आणून फवारायचा मोह होतो. कृपा करून फवारू नका. पैसे जातात, झाडाला काहीच मिळत नाही आणि अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या फुकट मरतात. हिब्लियाला आवर घालणारेही निसर्गात पुष्कळ आहेत. पक्षी तर आहेतच. शिवाय फक्त याच अळीला होणारा एक विषाणू आहे. तो लागला की अळीच्या शरीराचं आतून पाणी होतं आणि ती पानाला लोंबकळत मरते. केरळात या विषाणूचीच फवारणी करून हिब्लियाला रोखण्याचे प्रयोग झाले आहेत.

इंडोनेशियात जावा बेटावरचे लोक हिब्लियाचे कोष सागाखालच्या पाचोळ्यातून वेचून तळून खातात.

पतंग स्वतः पाहायचा असेल तर जून-जुलैत, पाऊस उघडलेल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री, सागाजवळच्या घराच्या ओट्यावर पांढरी चादर टांगावी आणि तिच्यावर दिवा सोडावा. दोन्ही जाती उजेडाला येतात. पिवळा, तांबूस रेघांचा बारका पतंग चादरीवर पंख पसरून बसतो. हिब्लिया मात्र पंख मिटून बसतो, तेव्हा त्याच्या बाजूला बोट हळूच टेकवावं. नारिंगी दिसलं, तर दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जवळच्या सागाची कोवळी पानं उलटून अंडी शोधावीत.