प्रकल्पाधारित शिक्षण

प्रकल्पाधारित शिक्षण : एखादा खरा प्रश्न हाती घ्यायचा, काही आठवडे त्याचा पिच्छा पुरवायचा आणि शेवटी कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी वस्तू, अहवाल किंवा सेवा तयार करायची, हे करता करता मुलांनी भाषा, गणित, विज्ञान शिकावे, अशी अध्यापनपद्धती. शिक्षणशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत ती ‘प्रकल्प पद्धती’ या नावाने येते आणि डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने तिच्यावर टिपण लिहिलेले असते. नेहमीच्या वर्गात आधी धडा होतो आणि मग त्यावर प्रकल्प ‘दिला’ जातो. इथे क्रम उलटा आहे. काम आधी सुरू होते, ते कुठेतरी अडते, आणि अडले म्हणून धड्याची गरज पडते.

हा फरक आधीच स्पष्ट करायला हवा, कारण महाराष्ट्रातल्या घरांत ‘प्रकल्प’ या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला आहे. उद्या जमा करायचा म्हणून आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली छापील चित्रे, कार्डशीट, स्केचपेनने काढलेली चौकट आणि आईवडिलांनी जागून केलेली चिकटवाचिकटवी, म्हणजे प्रकल्प. यात मुलाला प्रश्न पडलेला नसतो आणि उत्तराची कोणी वाटही पाहत नसते. या नोंदीत सांगितलेले फायदे अशा प्रकल्पाला लागू नाहीत.

पूर्वपीठिका

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली. स्वयंपाक, शिवण, सुतारकाम या रोजच्या व्यवहारांतून मुले तिथे विज्ञान आणि इतिहास शिकत. त्यांचे शिष्य विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या निबंधात या विचाराला ‘प्रकल्प पद्धती’ हे नाव प्रतिष्ठित करून दिले. मनापासून, हेतू ठेवून, चार माणसांच्या संगतीत केलेले काम ही त्यांची प्रकल्पाची कसोटी होती. त्यांचे उदाहरण स्वतःचा झगा स्वतः बेतून शिवणाऱ्या मुलीचे आहे. तोच झगा तिने कोणाच्या धाकाने शिवला, तर शिवण तेच राहील, पण तो प्रकल्प होणार नाही.

आपल्याकडे या विचाराशी नाते सांगणारा, पण मुळे वेगळी असलेला प्रवाह वर्ध्यात उगम पावला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’ म्हणजे नव्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. शिक्षण मातृभाषेतून असावे आणि त्याच्या मध्यभागी सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांसारखा एखादा उत्पादक उद्योग असावा, ही त्याची मांडणी. उद्योग आणि ज्ञान असे एकमेकांत गुंफण्याला ‘समवाय’ म्हटले गेले. टकळीवर सूत काढताना तारांची मोजणी आली की गणित आले, कापूस कुठून आला विचारले की भूगोल आला, तो इंग्लंडला का जात होता विचारले की इतिहास. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्या काळीही टीका झाली आणि ती रास्त होती; मूल कमावते झाले की शिकणे मागे पडण्याचा धोका असतोच. समवायाची कल्पना मात्र टिकली. सेवाग्रामच्या परिसरात २००५ पासून चालणारी आनंद निकेतन ही मराठी शाळा शेती, स्वयंपाकघर आणि कापूस यांच्याभोवती आजही मुलांना शिकवते.

पाबळ : एक जवळचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले पाबळ हे पर्जन्यछायेतले गाव. हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधक असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. शाळेत न रमलेल्या, मधूनच शाळा सोडलेल्या खेड्यातल्या मुलांना हाताने काम करू दिले तर त्यांची बुद्धी कामाला लागते, हा कलबाग यांचा विश्वास होता, आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत ते पाबळलाच राहिले.

आश्रमाचा निवासी अभ्यासक्रम शाळा सोडलेल्यांसाठी होता, पण त्याच धर्तीवर माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषयही तयार झाला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस त्यासाठी देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. मुले लोखंडाला वेल्डिंग करतात, घरातली वायरिंग जोडतात, मातीचे परीक्षण करतात, रोपवाटिका सांभाळतात, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. मुलांनी केलेल्या कामाचा उपयोग गावाला झाला पाहिजे, हे या रचनेचे मर्म. शाळेला कोंबड्यांची शेड हवी असेल तर ती मुलेच बांधतात. मग एका कोंबडीला किती जागा लागते, पत्रे किती, उतार किती, हे वहीतले प्रश्न राहत नाहीत. प्रत्येक वस्तूचा खर्च काढणे, म्हणजे सामान, वीज, मजुरी यांचा हिशोब मांडणे, हाही अभ्यासाचाच भाग आहे. शेकडेवारी कशासाठी असते हे तिथे सांगावे लागत नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच कारागीर असतात. शाळेच्या फाटकाबाहेर वेल्डिंगचे दुकान चालवणारा माणूस फाटकाच्या आत ‘सर’ होतो, तेव्हा त्याच्या कामाकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. जगभर पसरलेल्या या प्रयोगशाळांच्या साखळीतल्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू कापून घेण्याची सोय एखाद्या शहरी महाविद्यालयाआधी पाबळच्या मुलांना मिळाली.

मुलांना काय मिळते

सगळ्यात मोठा फायदा असा की शिकलेले वेळेवर आठवते. ब्रिटिश संशोधक जो बोलर यांनी इंग्लंडमधल्या दोन शाळांतल्या मुलांचा गणिताच्या बाबतीत तीन वर्षे पाठपुरावा केला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका शाळेत फळ्यावर रीत आणि पुस्तकात सराव असा परिचित शिरस्ता होता. दुसरीत मुलांना मोकळे प्रश्न दिले जात. एक प्रश्न असा : प्रत्येकी एक मीटर लांबीच्या ३६ फळ्या आहेत, त्यांचे कुंपण करून जास्तीत जास्त जागा कशी घेरता येईल? मुले आधी आयत करून पाहतात. १० बाय ८ केला तर ८० चौरस मीटर. चौरस केला तर ९ बाय ९, म्हणजे ८१. मग कोणाच्या तरी लक्षात येते की आकाराला चारच बाजू का? ३६ बाजूंची आकृती केली तर जवळजवळ १०३ चौरस मीटर जागा मिळते, पण ते क्षेत्रफळ काढायला त्रिकोणमिती लागते. त्या क्षणी शिक्षकाने टॅन्जंट हे त्रिकोणमितीतले गुणोत्तर समजावले की ते विसरले जात नाही, कारण मुलाला ते हवे होते. शालान्त परीक्षेत या दुसऱ्या शाळेची मुले मागे पडली नाहीत, उलट अधिक प्रमाणात उत्तीर्ण झाली. परीक्षेसारखे प्रश्न सोडवण्याचा सराव त्यांना कमी असूनही. पहिल्या शाळेतल्या मुलांना वर्गातले गणित आणि बाहेरच्या जगातले गणित या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ४६ शाळांतल्या तिसरीच्या मुलांवर झालेला अभ्यासही बोलका आहे. शाळांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून निम्म्या शाळांत प्रकल्पांतून विज्ञान शिकवले गेले. त्या मुलांचे विज्ञानाचे गुण इतरांपेक्षा सरस आले, आणि वाचनात कच्ची असलेली मुलेही या फायद्यात मागे राहिली नाहीत.

दुसरा फायदा भाषेचा आहे आणि त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. उदाहरण म्हणून सहावीच्या वर्गाने हाती घ्यावा असा एक प्रश्न घेऊ : आपल्या शाळेत पोषण आहारातले किती अन्न वाया जाते आणि का? दोन आठवडे रोज उरलेली खिचडी, आमटी, उसळ वजनकाट्यावर मोजायची. पण त्यासोबत स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलायचे, पहिलीतल्या लहानग्यांना काय आवडत नाही ते त्यांच्याच बोलीत विचारायचे, मिळालेली उत्तरे वहीत प्रमाण मराठीत मांडायची आणि शेवटी शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहायचे. एकाच प्रकल्पात मूल भाषेचे तीन-चार पोत वापरते. घरी वारली, अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला आपली बोली इथे अडथळा न ठरता उपयोगी पडते, कारण माहिती गोळा करायला तीच लागते.

याच उदाहरणात चूक करण्याचे मोलही दिसते. पहिल्या दिवशी मुले पातेल्यासकट वजन करणार, हे जवळपास नक्की. दुसऱ्या दिवशी आकडा फुगलेला वाटला की कोणीतरी विचारेल, रिकाम्या पातेल्याचे वजन वजा केले का? परीक्षेत चूक म्हणजे गेलेला गुण. इथे चूक म्हणजे उद्या दुरुस्त करायची गोष्ट. खाडाखोड करून पुन्हा मांडणे ही शास्त्रज्ञाची रोजची सवय आहे आणि ती दहाव्या-अकराव्या वर्षी लागली तर आयुष्यभर पुरते.

गटात काम करताना वर्गातली उतरंडही हलते. पाढ्यात अडखळणारी मुलगी बाजारात भाव विचारण्यात तरबेज असते. मेंढपाळाच्या घरचा मुलगा पायवाटा आणि पाणवठे अचूक सांगतो. शिक्षकालाही तेव्हाच कळते की हे मूल ‘ढ’ नव्हते, त्याला जे येत होते ते कोणी विचारलेच नव्हते. पद्धतीच्या बाजूने इतर कोणताही मुद्दा मांडला नाही तरी हा एक पुरेसा आहे, असे मला वाटते.

मर्यादा आणि आक्षेप

पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये असा आक्षेप घेतला की नवख्याला मार्गदर्शनाशिवाय मोकळे सोडले तर त्याच्या स्मृतीवर ताण पडतो आणि शिकणे होत नाही. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कुंपणाच्या प्रश्नातला टॅन्जंट मुले स्वतः शोधून काढत नाहीत, तो शिक्षकाने नेमक्या वेळी शिकवावा लागतो. म्हणून या पद्धतीत शिक्षकाचे काम हलके होत नाही, जड होते. कुठल्या टप्प्यावर मुले अडकतील, तेव्हा काय शिकवायचे, काय अजिबात सांगायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. अक्षरओळख आणि पाढे यांसाठी रोजचा सरळ सराव लागतोच. प्रकल्प त्याची जागा घेऊ शकत नाही.

गटातले एकच मूल सगळे करते आणि बाकीचे नाव लावतात, हाही नेहमीचा अनुभव. साठ-साठ मुलांच्या वर्गात, दहावीच्या निकालाचा धाक डोक्यावर असताना, शिक्षकाने हे सांभाळायचे कसे, हा प्रश्न खराच आहे. एका वर्षात एक प्रकल्प, पण पूर्णपणे केलेला, असा सल्ला द्यावासा वाटतो. प्रत्येक विषयाचा एकेक असे सात-आठ प्रकल्प मागितले की दुकानातली छापील चित्रे परत येतात.

शासनाची धोरणे आणि स्पर्धा

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाचे एक साधन म्हणून प्रकल्पाला अधिकृत स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे. पाबळची निदेशकांची कल्पना यात ओळखू येते.

शाळेबाहेरही वाटा आहेत. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातल्या प्रश्नावर संशोधन करून ते मांडतात. मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी व प्रात्यक्षिक फेऱ्यांपलीकडे मुलाने स्वतः केलेला प्रकल्प पाहिला जातो.

मूल्यमापन

प्रकल्पाचे गुण देखण्या मुखपृष्ठाला जातात, ही तक्रार जुनी आहे. ती टाळायची तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, रोजची नोंदवही. तारीख, मोजमाप, फसलेले प्रयत्न यांसह, खाडाखोड तशीच ठेवलेली. दुसरी, गटातल्या प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे विचारलेला तोंडी प्रश्न : हे असेच का केले? दुसऱ्या रीतीने केले असते तर काय झाले असते? तिसरी, ज्यांच्यासाठी काम केले त्यांचे मत. पोषण आहाराच्या प्रकल्पात ते मत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे असेल, आणि मुलांनी सुचवलेला बदल पुढच्या सोमवारी पातेल्यात दिसला की नाही, हे वजनकाट्यावर पुन्हा मोजता येईल.