अँटिऑक्सिडंटची गोळी आणि मेंदूतली गाठ

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: "अँटिऑक्सिडंट भरपूर घ्या, मेंदूतली गाठ विरघळते."

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. चिरलेलं वांगं हवेत काळं पडतं, तशी ऑक्सिजनची झळ आपल्या पेशींनाही बसते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन सुमारे २० टक्के वापरतो. या झळेने डीएनए बिघडू शकतो, आणि ही झळ अडवणारे पदार्थ म्हणजेच अँटिऑक्सिडंट. इथवर ठीक.

गडबड पुढे आहे. गाठ झाली की तिच्या पेशीही हीच झळ सोसतात आणि तगण्यासाठी ग्लुटाथायोनसारखी, म्हणजे पेशी स्वतःच बनवतात त्या अँटिऑक्सिडंटची, ढाल वाढवतात. रेडिएशन त्या पेशींना मारतं ते बऱ्याच अंशी याच झळेने. मग जादा डोसची गोळी कुणाच्या बाजूने लढेल? गाठीच्याही लढू शकते.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं. १९९४ साली निकाल आला: फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्तच. अवयव वेगळा, पण 'जितकं जास्त तितकं चांगलं' हा हिशेब तिथे कोलमडला.

असा मेसेज आला की प्रयोग माणसांवर झाला की काचेच्या बशीतल्या पेशींवर, एवढं आधी बघा. बशीत औषध थेट पेशीवर पडतं. पोटातून निघालेले बहुतेक पदार्थ रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरापाशीच अडतात.

जेवणातला आवळा, मिसळीवरचं लिंबू यांचा इथे प्रश्न नाही. उपचार चालू असताना गोळ्यांची बाटली मात्र आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवावी, लेबलासकट.